फरशी घालण्याआधी

भिंतीला टेकून नऊ फरश्या उभ्या होत्या आणि पुकळ्यांच्या घरातल्या चार माणसांची मिळून पाच मतं होती. पाचवं मत विश्वजितचंच. तो दर दोन दिवसांनी नवं काढायचा.

आज त्याला काळा ग्रॅनाइट हवा होता. ज्या साहेबाच्या हाताखाली तो कालव्याची कामं घ्यायचा, त्या साहेबाच्या बंगल्यात तसा होता, आणि ठेकेदाराच्या डोळ्यांत साहेबाच्या घरची फरशी आधी भरते, साहेब मागनं. त्याच्या बायकोला, सोनियाला, पांढरा मार्बल हवा होता. त्यावर तिनं सांगलीच्या प्रदर्शनात बघून ठेवलेला लाल गालिचा पडणार होता, आठ बाय दहाचा. दुकानदारानं तो फक्त शनिवारपर्यंत धरून ठेवलेला.

सासूला, म्हणजे अंबूबाईला, कुणी विचारलं नव्हतं. पण विचारलं नाही म्हणून गप्प बसायला ती काय पावणी होती? वडूजच्या पुढच्या आपल्या माळावरून ती काल यष्टीनं आली, ती काखोटीला काळं जेन मारूनच. घरच्या मेंढरांची लोकर, म्हसवडच्या सनगरानं विणलेलं, जाड, सहा माणसं ऐसपैस बसतील एवढं. ते तिनं सकाळीच हॉलच्या मुरमावर अंथरलं आणि मधोमध मांडी घालून बसली.

"शहाबादी घाला आन् वर ह्ये हातरा," ती म्हणाली. "तुमचा त्यो मारबल मला तर मेल्या म्हशीच्या डोळ्यागत दिसतुया."

"आत्या!" सोनिया म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रागही.

"आये, शहाबादी आता लोक संडासात घालतात," विश्वजित म्हणाला.

"तर काय! तुज्या आज्जीचा जलम गेला सारवल्याल्या भुईवर, ती काय खाली पडली व्हय?"

एवढ्यात दारातून आवाज आला. उंबरा अजून बसायचा होता, त्या रिकाम्या जागी सिद्धूआण्णा काठी आडवी धरून बसला होता. सकाळपासून म्हातारा अवाक्षर बोलला नव्हता.

"हॉलात काय बी घालू नका."

"म्हंजे?" विश्वजित वळला.

"म्हंजी काय बी न्हाई. हाय ती माती बरी हाय. नुसतं जेन हातरा."

"आण्णा, एवढं स्लॅबचं घर बांधलं आन् हॉलात माती? लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी सांग, बाप येडा झालाय."

विश्वजितनं कपाळाला हात लावला. खरं तर म्हाताऱ्याचं ऐकायची त्याला सवय होती. हा प्लॉटसुद्धा आण्णानंच निवडलेला. तीन वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला हळदीच्या रानात प्लॉट पडले तेव्हा विश्वजितनं बापाला पाच जागा दाखवल्या. चारांवरून म्हातारा नुसता चालत गेला. पाचव्यावर अर्धा तास उभा राहिला, काठीनं पावलं मोजल्यासारखं करत इकडून तिकडे गेला आणि म्हणाला, "ह्योच." धनगराला जमिनीतलं पाणी कळतं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. बोअरला पाणीही लागलं. मग कोण कशाला विचारतंय?

अंबूबाईनंही विचारलं नव्हतं. पण आता तिनं नवऱ्याच्या हाताकडं बघितलं. पन्नास वर्षांचा संसार. हा माणूस खोटं बोलताना काठीची मूठ चोळतो, हे तिला ठाऊक होतं. आत्ता तो मूठ चोळत होता.

"साहेब," अर्जुना गवंडी मघापासून थापी हातात घेऊन ताटकळला होता, "फरशी कुठली बी आणा. पर त्या कोपऱ्याचं आधी काय तरी करा."

"परत बसला?"

"बसला न्हवं तर काय. या, बघा."

सगळे उठले. हॉलच्या खिडकीखाली, जिथं जेवणाचं टेबल यायचं होतं, तिथं मुरमात एक खळगा होता. दीड हात लांब, वीतभर रुंद. आजूबाजूचा मुरूम धुम्मस मारून असा बसवलेला की टाचेखाली खण्ण वाजावा. आणि मधेच हे असं.

"चारदा भरला ह्यो," अर्जुना म्हणाला. "चारदा. पाणी मारलं, धुम्मस मारली, सांजच्याला लेव्हल लावून घरी गेलो. सकाळी येऊन बघावं तर परत तेवढाच."

"पाणी कमी मारलं असशील."

"तीस वर्सं हेच काम करतुया साहेब. उंदराचं बीळ म्हणावं तर न्हाई. घूस न्हाई. पहार घालून बघितली, तर पहार आत जात न्हाई, खाली दगडागत जमीन हाय. मग आठ पाट्या मुरूम गेला कुठं? तुमीच सांगा." त्यानं आवाज खाली आणला. "गडी म्हणत्यात, मिस्त्री, आमी त्या कोपऱ्याला काम करायचो न्हाई."

"गड्यांना दुसरीकडे जायला सांग," विश्वजित चिडून म्हणाला. पण तोही खळग्यापासून दोन पावलं लांबच उभा होता.

अंबूबाई अनवाणी होती. कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, पण तिनं उजवा पाय उचलला आणि त्या खळग्यात ठेवला. पौषातली सकाळ, सगळी भुई बर्फागत गार, आणि तेवढीच जागा उबदार. जनावर बसल्या जागचं नुकतंच उठून गेल्यावर राहते तशी ऊब.

तिनं पाय काढून घेतला. सिद्धूआण्णा तिच्याकडेच बघत होता, आणि तिनं बघितल्याबरोबर त्यानं मान फिरवली.

नानासो, म्हणजे अंबूबाईचा धाकटा दीर, अकराच्या सुमाराला आला. भावकीत मेंढरं राखणारा आता तो एकटाच. औंदा त्याचा मेंढरांचा वाडा अंकलीजवळ नदीकाठच्या रानात उतरला होता. डोईला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं आणि मागं दोरीला एक मेंढी.

सोनियानं खिडकीतून बघितलं. "अहो, नानाकाका मेंढी घेऊन आलेत!"

"मीच सांगावा धाडलाय," अंबूबाई म्हणाली. "मेंढी बसवायची न्हाई व्हय?"

"बसवायची? कुठं?"

"घरात. आनी कुठं?"

पुकळ्यांच्यात ती रीत होती. वाडा उतरायचा तो मेंढरं बसतील तिथं, माणसानं जागा निवडायची नाही. पुढं कुणी घरं बांधायला लागलं तरी रीत सुटली नाही. भुई घालायच्या आधी दिवसाउजेडी घरात मेंढी मोकळी सोडायची आणि माणसांनी भिंतीला लागून गप उभं राहायचं. ती बसेल तिथं घरातल्या माणसांचं अंथरूण घालायचं. ती बिचकेल तिथं कधी झोपायचं नाही. सिद्धूआण्णानं अशी भावकीतली सात घरं बसवून दिलेली. मेंढी कशी सोडायची, कुठल्या दारानं सोडायची, सगळं त्यालाच विचारायचे.

"मी मार्बल घालणार आणि ही त्यावर लेंड्या टाकणार," सोनिया म्हणाली.

"मारबल हाय कुठं अजून, सूनबाई?" नानासो मिशीत हसला. "आन् मेंढीच्या लेंडीनं रान पिकतंय. तुमच्या गालिच्यानं काय पिकणार हाय?"

विश्वजित दोन्हीकडं बघत उभा. बायकोची बाजू घ्यावी तर चुलता दुखावणार, चुलत्याची घ्यावी तर घरी जेवण मिळायचं नाही. शेवटी अंबूबाईनंच सौदा केला. "सोनिया, यकदा मेंढी बसवू दे. मग तुजा मारबल घाल, तुजा गालिचा घाल. मी हूं का चूं करायची न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

सोनियानं पदर खोचला. "मग बसवा."

आणि ज्यानं सात घरं बसवून दिली तो म्हातारा उठून काठी आपटत म्हणाला, "मेंढी आत आणायची न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आण्णा, आसं काय करतुयास?" नानासो म्हणाला. "रीत हाय आपली."

"रीतबीत गेली खड्ड्यात. शहरातलं घर हाय. भायेर बांध ती."

"मघाशी म्हणालात माती ठिवा," अंबूबाई सावकाश म्हणाली. "आता म्हणताय शहरातलं घर हाय. कुठलं तरी एक बोला की."

तो काठीची मूठ चोळत राहिला. नानासोनं भावजयीकडं बघितलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं मेंढीच्या गळ्यातली दोरी सोडली.

बोरी तिचं नाव. तांबूस तोंडाची, उंच, कळपाच्या पुढं चालणारी. औंदा ती वांझ राहिलेली, म्हणूनच नानासोनं आणली. कोकराची मेंढी आणली असती तर ती माघारी ओढली असती. बोरी रिकाम्या दारातून आत आली, दोन पावलं चालून थांबली, कान टवकारले. जेनाकडं तिनं बघितलं नाही. फरश्यांकडं नाही, माणसांकडं नाही. ती सरळ खिडकीखाली गेली.

खळग्यापाशी तिनं मान खाली घातली. हुंगलं. पुढच्या खुरानं मुरूम दोनदा उकरला, कोकराला उठवायला मेंढी उकरते तसा. मग तोंड न उघडता घशातल्या घशात बोलायला लागली.

शहरातल्या माणसाला मेंढीचं ओरडणं सगळं सारखंच वाटतं. सोनियाला वाटलं, घाबरली असेल. पण त्या घरातल्या तीन माणसांच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण हा आवाज मेंढी एरवी काढत नाही. व्याल्यावर पहिले काही दिवस, ओलं कोकरू पुढ्यात असताना, फक्त त्याच्याशी ती असं बोलते. आणि बोरीपुढं कोकरू नव्हतं. ती त्या रिकाम्या खळग्याशी बोलत होती. बोलता बोलता तिनं तिथली माती चाटायला सुरुवात केली.

"अगं बया," अंबूबाईच्या तोंडून निघालं.

नानासो पुढं झाला. त्यानं वाकून बोरीच्या कासेखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. बोटं ओली होती, पांढरी.

"दूध," तो म्हणाला. "वांझ हाय ही. हिला दूध कुठनं आलं?"

दुधाचे थेंब मुरमावर पडत होते आणि पडतील तसे जिरत होते. नानासोनं हात धोतराला पुसला. खिडकीबाहेर बघितलं. पलीकडं जुना पाट होता, त्याच्या कडेनं आता घरं झालेली. तो बराच वेळ बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"आण्णा," तो म्हणाला, "ह्ये त्येच रान हाय व्हय रं?"

"गप."

"आण्णा, त्यो पाट. ह्ये त्येच रान हाय."

"गप म्हणतो न्हवं तुला!"

"कुठलं रान?" अंबूबाईनं विचारलं. "भावजी, कुठलं रान? मी तुमास्नी इचारतीया."

नानासोनं मुंडासं काढून हातात घेतलं. "वैनी, मला सपत घातलीया आण्णानं."

"मग तुमी सांगा," ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "कुठलं रान?"

सिद्धूआण्णानं तिच्याकडं बघितलं. "बानूचं," तो म्हणाला.

बानू हे नाव त्या घरात पंचवीस वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. विश्वजितला आपल्याला एक बहीण होती एवढंच ठाऊक. तो तेव्हा आठ वर्षांचा, गावाकडं आज्जीपाशी शाळेला. अंबूबाईला मात्र सगळं ठाऊक होतं. किंवा तसं तिला वाटत आलेलं.

एक्काहत्तर साल. वाडा ह्याच बाजूला उतरलेला आणि तिला विषमज्वर झाला. बैलगाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. बारा दिवस ती तिथं पडून होती. अकरा महिन्यांची बानू वाड्यावर बापापाशी. नुकतीच आईचा पदर नाही तर घोड्याचं खोगीर धरून उभी राहायला शिकत होती. तानी नावाची एक मेंढी होती, तिच्या कासेला बाप लेकराला लावायचा, आणि तानी उभी राहून पाजायची. बारा दिवसांनी अंबूबाई परत आली तेव्हा लेकरू नव्हतं. गोवर आला, नवरा म्हणाला. ट्रकात बसून गावाला नेली, आपल्या माळाला ठेवली, म्हसोबाच्या वरच्या अंगाला. दगड उभा केलाय.

तो दगड होता. गावाकडं असेल तेव्हा अंबूबाईनं पंचवीस वर्षं त्याच्यावर दर अवसेला दूध ओतलं.

"ट्रकवाल्यानं बसू दिलं न्हाई," सिद्धूआण्णा सांगत होता. "मेल्यालं लेकरू घिऊन कोण बसू देतंय? तिघास्नी हात केला. दोन दिस ठिवून घिऊ शकत नव्हतो. मालकाला इचारलं आसतं तर त्यानं वाडाच हाकलला आसता. मग दुपारच्याला मालक जेवाय गेला तवा... नाना न् मी. हळद काढून झाली हुती, रान मऊ हुतं. माज्या घोंगड्यात गुंडाळली. पाटापासनं एकवीस पावलं."

"आन् त्यो दगड?"

"दगड म्या मागनं उभा केला. तुला कुठं तरी जायाला पायजे हुतं."

अंबूबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर सोनिया म्हणायची. "म्या दगडाला दूध पाजलं?" ती एवढंच म्हणाली. "पंचवीस वर्सं? आन् माजी पोर हितं उपाशी?"

"तू उठली नसतीस हितनं, अंबू. मेंढरं पुढं न्यायची हुती, तू तापातनं उठल्याली. मला लय भ्या वाटलं. एक गेली, आता दुसरी जाती." तो रडायला लागला, म्हातारी माणसं रडतात तसं, तोंड न झाकता. "पर म्या सोडली न्हाई तिला. दर साली वाडा हितनंच न्यायचो. तू घोडी घिऊन पुढं जायाचीस, म्या मागं ऱ्हायचो. हितं प्लाट पडलं तवा वाटलं, आता कुणी तरी परकं हिच्यावर घर बांधणार. म्हणून म्हटलं, ह्योच घे."

"म्हंजे तुम्ही माझ्याकडनं हे..." विश्वजितनं खळग्याकडं बोट केलं. "आण्णा, लोकांना कळलं तर? घर कोण घेईल? मी उद्याच्या उद्या..."

"इकून टाक," नानासो म्हणाला. "न्हाई तर काढा तिला, कृष्णेत सोडा आन् मोकळं व्हा. आशा जाग्यावर कुणी नांदत न्हाई रं विश्वा. बोरीचं बघितलंस न्हवं?"

"बरोबर आहे काकांचं. ब्राह्मण बोलवू, शांत करून घेऊ, आणि मग..."

"अहो, गप्प बसा दोघंही," सोनिया म्हणाली.

ती भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि तिथून पळून जावंसं तिला वाटतंय हे कुणालाही दिसलं असतं. पण ती म्हणाली, "विकायचं काय, सोडायचं काय! लेकरू त्यांचं आहे. आत्यांना विचारा आधी."

अंबूबाईनं सुनेकडं बघितलं. चार वर्षांत ह्या पोरीशी तिचं मिठापासून मसाल्यापर्यंत कशावरच जमलं नव्हतं. तिनं सुनेचा हात धरला आणि सोडला नाही.

"अर्जुना," ती म्हणाली. "उकर."

"मावशी, मी..."

"उकर बाबा. मला तिला यकदा बघू दे."

बोरीला ओढून बाहेर ओट्यावर बांधली. ती यायला तयार नव्हती, नानासोला खूप जोर लावावा लागला. अर्जुनानं वरच्या देवाचं नाव घेतलं आणि पहार घातली. सकाळी पहार न शिरलेली ती जमीन आता नुसत्या खुरप्यानं निघत होती. मुरूम संपला, खाली काळी माती लागली. गुडघ्याएवढं झालं. काही नाही. मांडीएवढं झालं. काही नाही. अर्जुना माती बाहेर टाकायचा आणि सिद्धूआण्णा ती माती हातानं चाळायचा. हाड नाही, घोंगड्याचा धागा नाही, एक मणी नाही.

"बानूच्या कमरंला काळा दोरा हुता," अंबूबाई म्हणाली. "त्यात तांब्याची मुदी हुती."

ती पण नाही. कमरेएवढं झाल्यावर सिद्धूआण्णा स्वतः आत उतरला आणि नखांनी उकरायला लागला. "हितंच ठिवली. एकवीस पावलं. म्या सोताच्या हातानं ठिवली. नाना, सांग की रं!"

"हितंच," नानासो म्हणाला. "म्या बघितलंय वैनी, हितंच."

अर्जुनानं खड्ड्याच्या कडा हातानं चाचपल्या. मग घाम पुसत तो हलक्या आवाजात बोलला. "मावशी, माती सगळं खाती, ह्ये खरं. पर हितली माती कवा कुणी उकरल्यालीच न्हाई. ह्ये थर बघा, सरळच्या सरळ चाललंत. खड्डा पडल्याला आसता तर मोडलं आसतं. आन् मी भरल्याला मुरूम? त्यो बी न्हाई ह्यात."

मग भरलेलं जायचं कुठं? आणि लेकरू? विश्वजितनं बापाला काखेत हात घालून वर काढलं. म्हातारा मातीनं भरलेला, त्याचा सगळा जीव गेल्यासारखा झालेला. पंचवीस वर्षं त्यानं एक जागा राखली होती आणि तिथं काही नव्हतं. अंबूबाईला त्याचा राग राग आला आणि त्याची कीवही आली, दोन्ही एकाच वेळी. ती जेनावर जाऊन बसली. पदर जेनावर सांडला होता, तो आवरायचंही भान तिला नव्हतं.

"कुठं गेलीस गं?" ती म्हणाली. कुणाला, ते सांगायला नको.

बाहेर बोरी एकाएकी गप्प झाली. मघापासून तिची ओढाताण चालू होती, दोरी ताणल्याचा करकर आवाज येत होता, तो थांबला. मग ती दारात दिसली. दोरी गळ्यातच होती, तुटलेली नव्हती, ओट्याला बांधलेलं टोक मोकळं सुटून मागं फरफटत होतं. "म्या गाठ मारली हुती," नानासो पुटपुटला.

बोरीनं खड्ड्याकडं ढुंकून बघितलं नाही. उकरलेल्या मातीच्या ढिगाला वळसा घालून ती जेनावर आली. अंबूबाईच्या पुढ्यात थांबली. अंबूबाईच्या डाव्या मांडीशी, जेनापासून वीत-दीड वीत वर, तिथं काहीच नव्हतं, तिथं तिनं नाक नेलं. हुंगलं. आणि घशातल्या घशात बोलायला लागली.

अंबूबाई श्वास धरून बसली. तिच्या मांडीशी जेनाची लोकर दबली होती. लहानशी जागा, वाटीएवढी. बघता बघता तिच्या पुढं तेवढीच दुसरी जागा दबली आणि पहिली हळूहळू वर आली. जाड लोकर ती, दाबल्यावर वर यायला वेळ घेते. मग तिसरी. हे गुडघे आहेत, हे अंबूबाईला कुणी सांगायला नको होतं. सांडलेला पदर ताणला गेला. कुणी तरी तो मुठीत धरला होता आणि त्याच्या आधारानं वर उठायला बघत होतं.

पदर सुटला. जेनावर धप्पदिशी बसल्यासारखी एक जागा दबली.

"देवा रे," विश्वजित म्हणाला. त्याला ते दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं. अर्जुनानं डोळे मिटून घेतले. सिद्धूआण्णा हात जोडून उभा होता, मातीनं भरलेले हात.

अंबूबाईनं पदर आवरला नाही. होता तसा, जेनावर पसरून ठेवला. किती तरी वेळानं तिनं डोळे पुसले, आणि बोलली तेव्हा तिचा आवाज रोजचाच होता, घरातली कामं सांगतानाचा.

"अर्जुना, त्यो खड्डा बुजीव बाबा. आता बसायचा न्हाई त्यो."

"बुजवतो मावशी." त्यानं पाटी जवळ ओढली. "आन्... हॉलात? हॉलात काय घालू?"

ती उठली. भिंतीला लावलेल्या फरश्यांपाशी गेली आणि एकेकीवरून तळहात फिरवायला लागली. ग्रॅनाइटवरून फिरवला. "ह्ये लय गुळगुळीत. पाय घसरंल." मार्बलवरून फिरवला. "ह्ये गार. उघड्या गुडघ्याला बाधंल." मोझॅकवरून, चेक्सवरून. घरातली माणसं भिंतीला लागून गप उभी होती. शेवटी ती एका खरखरीत, करड्या शहाबादीपाशी थांबली. तिच्यावर तिनं दोनदा हात फिरवला.

"ही घाल," ती म्हणाली. "आन् सगळ्या घरात हीच घाल. पोर अजून धरून उभी ऱ्हायला शिकतीया."

विश्वजितनं काही तरी बोलायला तोंड उघडलं. पण सोनिया त्याच्या पुढून निघून गेली. जेनाच्या कडेला ग्रॅनाइटचा एक फुटका तुकडा पडला होता, सुरीसारख्या कडेचा. तिनं तो वाकून उचलला, क्षणभर जेनाकडं बघितलं, आणि हात पोचणार नाही अशा उंच खिडकीत नेऊन ठेवला.